सुझीचे कान: स्कॉटिश फोल्डची गोष्ट

आजच्या भागात गोष्ट एका मांजराच्या जातीची. रील बघत असाल तर हे मांजर तुम्ही नक्की पाहिलंय. गोल गरगरीत चेहरा, मोठाले डोळे आणि कान पुढे दुमडून डोक्याला चिकटलेले. अगदी घुबडाचं पिल्लूच! नाव स्कॉटिश फोल्ड. टेलर स्विफ्टकडे या जातीच्या दोन मांजरी आहेत, म्हणजे प्रसिद्धीचं वेगळं सांगायला नको.

पण या जातीचा इतिहास जरा विचित्र आहे. सगळे भांडत राहिले कानांवरून, आणि दुखणं होतं पायांत.

सुरुवात होते १९६१ साली, स्कॉटलंडमधल्या कूपर अँगस गावाजवळ. विल्यम रॉस नावाच्या मेंढपाळाला शेजारच्या शेतावर एक पांढरी मांजरी दिसली. सुझी. साधी, शेतावर उंदीर मारणारी. फक्त तिचे कान दुमडलेले होते. पुढे तिला पिल्लं झाली, त्यातल्या दोघांचे कान आईसारखेच. रॉसनं त्यातलं एक पांढरं पिल्लू आणलं आणि नाव ठेवलं स्नूक्स. सुझी लवकरच रस्त्यावर गाडीखाली गेली. पण आज जगभर जे फोल्ड आहेत, त्यांची वंशावळ मागे मागे नेली की शेवटी या एका मांजरीपाशी येते.

आता इथे क्लब येतात. ब्रिटनमध्ये मांजरांच्या जातींची नोंदणी करणारी मोठी संस्था म्हणजे गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी, स्थापना १९१०. या संस्थेनं नोंद केली तर तुमचं मांजर ‘जातिवंत’. मग प्रदर्शनात जाता येतं, वंशावळीचा कागद मिळतो, पिल्लांना भाव येतो. रॉस दांपत्यानं १९६६ मध्ये आपली मांजरं तिथे नोंदवायला सुरुवात केली. मदतीला होत्या आनुवंशिकतेच्या अभ्यासक पॅट टर्नर. पहिल्या तीन वर्षांत ७६ पिल्लं झाली: ४२ दुमडलेल्या कानांची, ३४ सरळ कानांची. जवळपास निम्मी निम्मी. म्हणजे हिशोब सरळ होता. कान दुमडायला आई किंवा बाप, कुणा एकाकडून आलेला एकच जनुक पुरतो.

आणि मग गाडी अडली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला याच कौन्सिलनं फोल्डची नोंदणी थांबवली. कारण? कान! दुमडलेल्या कानात मळ साचेल, किडे होतील, मांजर बहिरं होईल, अशी भीती.

पण तोवर काही पिल्लं अमेरिकेला पोचली होती. १९७० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नील टॉड या संशोधकाकडे स्नूक्सची तीन पिल्लं गेली, अभ्यासासाठी. त्यातली हेस्टर पुढे सॅली वुल्फ पीटर्स या ब्रीडर बाईंकडे आली, आणि जातीनं तिकडे बस्तान बसवलं. अमेरिकेतल्या कॅट फॅन्सियर्स असोसिएशननं १९७३ मध्ये नोंदणी सुरू केली आणि १९७८ मध्ये प्रदर्शनातल्या चॅम्पियनशिपचा दर्जाही दिला. ब्रीडर म्हणाले, बघा, कान तर ठणठणीत आहेत! आणि त्यात बरंच तथ्य होतं. कानांचा वाद ते जिंकले.

गंमत बघा: नाव स्कॉटिश, पण ब्रिटनच्या त्या वहीत आजही जागा नाही.

पण मूळ प्रश्न राहिलाच. कान दुमडतो का? कारण आतली कूर्चा कमकुवत असते. आणि कूर्चा काय फक्त कानात असते? ती सांध्यांत असते, शेपटीत असते, वाढणाऱ्या हाडांच्या टोकांना असते. १९७५ मध्येच ऑलिफंट जॅक्सन या ब्रिटिश पशुवैद्यांनी फोल्ड मांजरांच्या हाडांमधल्या दोषांबद्दल लिहिलं होतं. आई-बाप दोघंही फोल्ड असले की काही पिल्लांची शेपटी आखूड आणि ताठ, पाय जाड आणि वाकडे.

यावर ब्रीडरांनी नियम काढला: फोल्डची जोडी फोल्डशी लावायची नाही, सरळ कानांच्या मांजराशीच लावायची. नियम चांगलाच होता, त्यानं भयंकर त्रास कमी झाला. पण १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पशुवैद्यांनी दाखवलं की जनुकाची एकच प्रत असलेल्या मांजरांच्या हाडांतही हा आजार असतो. कुणाला कमी, कुणाला जास्त, पण असतो. २०१६ मध्ये जबाबदार जनुकही सापडला: टीआरपीव्ही४.

आता खरी मेख ऐका. इतर जातींत एखादा आनुवंशिक आजार असला तर तपासणी करून तो हळूहळू काढून टाकता येतो, जात तशीच राहते. इथे तसं जमत नाही. कान दुमडणारा जनुक आणि सांधे बिघडवणारा जनुक वेगवेगळे नाहीतच. आजार काढला की कान सरळ होतात. म्हणजे क्लब ज्या गोष्टीला बक्षीस देतो, तेच आजाराचं लक्षण आहे.

म्हणून काही देशांनी प्रश्न क्लबांच्या हातात ठेवला नाही. नेदरलँड्समध्ये फोल्डच्या पैदाशीवर आधीच बंदी होती. आता १ जानेवारी २०२६ पासून नवीन फोल्ड पाळायलाही मनाई आहे.

ब्रीडरांचं म्हणणं असं, की नीट काळजी घेतली तर अनेक फोल्ड मजेत जगतात. त्रास प्रत्येकाला सारखा नसतो, हे खरंच आहे. पण मांजर दुखणं लपवण्यात पटाईत असतं. लंगडण्याआधी ते उड्या मारणं कमी करतं, जास्त बसून राहतं. आणि रीलखाली आपण लिहितो, ‘कित्ती शांत आहे!’

पुढच्या वेळी असं रील समोर आलं, तर कानांवरून नजर जरा खाली न्या. ते चालतं कसं, उडी मारतं का, ते बघा. आणि घरी मांजर आणायचा विचार असेल, तर सरळ कानांचं आणा. सुझीला तिचे कान कुणी निवडून दिले नव्हते. पुढच्या पिल्लांचे मात्र आपणच निवडतोय.

भेटू पुढच्या भागात!