डायलिसिसवरील रुग्णांमधील हृदयाच्या झडपांचे विकार

डायलिसिसवरील रुग्णांमधील हृदयाच्या झडपांचे विकार ही मूत्रपिंडे निकामी झाल्यानंतर वारंवार आढळणारी गुंतागुंत आहे. यात झडपांवर कॅल्शियम साचणे, झडप अरुंद होणे, तिच्यातून रक्ताची गळती होणे आणि तिला जंतुसंसर्ग होणे यांचा समावेश होतो. महाधमनी झडप व द्विदल झडप या डाव्या बाजूच्या झडपांवर सर्वाधिक परिणाम होतो. महाधमनी झडपेची अरुंदता एरवी बहुधा उतारवयात दिसते. डायलिसिसवरील रुग्णांमध्ये ती कमी वयात सुरू होऊ शकते आणि अधिक वेगाने वाढते.

कारणे

निरोगी मूत्रपिंडे अतिरिक्त फॉस्फेट लघवीवाटे बाहेर टाकतात. ती निकामी झाल्यावर रक्तातील फॉस्फेट वाढते आणि पॅराथायरॉइड ग्रंथी अधिक संप्रेरक स्रवू लागतात. त्यामुळे कॅल्शियम व फॉस्फेट यांचे संतुलन बिघडते. झडपेतील काही पेशी हाडांतील पेशींसारख्या वागू लागतात व तेथे क्षार साचतात. वाढता रक्तदाब, मधुमेह व दीर्घकालीन दाह यांमुळे ही प्रक्रिया बळावते.

शरीरात साठलेल्या पाण्यामुळे डावा जवनिका कक्ष ताणला गेल्यास, झडपेची पाळी निरोगी असूनही द्विदल झडपेतून गळती होऊ शकते. डायलिसिससाठी शिरेत बसवलेल्या कॅथेटरमधून जंतू रक्तात शिरल्यास झडपेला संसर्ग होतो. त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू प्रामुख्याने आढळतो.

लक्षणे

धाप लागणे, थकवा, छातीत दुखणे, चक्कर येणे व डायलिसिस सुरू असताना रक्तदाब एकाएकी उतरणे ही प्रमुख लक्षणे आहेत. यांतील बहुतेक लक्षणे पाणी साठल्याने, रक्तक्षयाने किंवा डायलिसिसमुळेही उद्भवतात. त्यामुळे झडपेच्या विकाराचे निदान लांबण्याचा धोका असतो. अतिरिक्त पाणी काढूनही धाप कमी न होणे किंवा रक्तदाब वारंवार उतरणे, अशा वेळी हृदयाची तपासणी आवश्यक ठरते. ताप व थंडी वाजणे ही जंतुसंसर्गाची खूण असू शकते.

निदान

इकोकार्डिओग्राफी ही मुख्य तपासणी आहे. प्रौढांमध्ये महाधमनी झडपेच्या उघडीपीचे क्षेत्रफळ साधारणतः ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असते. ते १ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी झाल्यास अरुंदता तीव्र मानली जाते. शरीरात पाणी साठलेले असताना गळती प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते. म्हणून अतिरिक्त पाणी काढल्यानंतर, शक्यतो डायलिसिस नसलेल्या दिवशी ही तपासणी करणे श्रेयस्कर असते.

उपचार

झडपेवर साचलेले कॅल्शियम विरघळवणारे सिद्ध औषध उपलब्ध नाही. आहार, फॉस्फेट बांधून ठेवणारी औषधे व पुरेसे डायलिसिस यांद्वारे फॉस्फेट नियंत्रणात ठेवले जाते. विकार तीव्र झाल्यास शस्त्रक्रियेने झडप बदलतात. महाधमनी झडप छाती न उघडता, कॅथेटरद्वारेही बसवता येते. ही पद्धत मानवावर प्रथम २००२ साली फ्रान्समधील रूआँ येथे आलँ क्रिबिए यांनी वापरली. डायलिसिसवरील रुग्णांमध्ये दोन्ही पद्धतींची जोखीम इतरांपेक्षा अधिक असते.

यांत्रिक झडपेसाठी रक्त पातळ करणारे औषध आयुष्यभर घ्यावे लागते व रक्तस्रावाचा धोका वाढतो. जैविक झडप तुलनेने लवकर झिजू शकते. त्यामुळे झडपेची निवड रुग्णाचे वय, प्रकृती व मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शक्यता पाहून केली जाते.

प्रतिबंध

शक्य तेथे कॅथेटरऐवजी फिस्चुलाचा वापर, कॅथेटर हाताळताना काटेकोर स्वच्छता आणि दोन डायलिसिसांदरम्यान पाणी व मिठावर नियंत्रण हे महत्त्वाचे उपाय आहेत.