डिस्कस माशाचा आहार

डिस्कस हा सिक्लिडी कुलातील सिम्फिसोडॉन प्रजातीचा, गोड्या पाण्यातील शोभिवंत मासा. तिलापिया व गोव्यात काळुंदर म्हणून ओळखला जाणारा मासा हे याच कुलातले. डिस्कसचे मूलस्थान दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीचे खोरे असून १८४० मध्ये ऑस्ट्रियन मत्स्यशास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. शरीर थाळीसारखे गोल व दोन्ही बाजूंनी चपटे. पूर्ण वाढलेला मासा साधारण १५ सेंमी.चा. पाळायला अवघड अशी त्याची ख्याती आहे. तिचे मूळ त्याच्या खाण्याच्या सवयींत आणि त्याला लागणाऱ्या उबदार पाण्यात आहे.

नैसर्गिक आहार : डिस्कसचे तोंड लहान, जठर छोटे व आतडे लांब असते. विल्यम क्रॅम्प्टन यांनी ॲमेझॉनच्या पूरक्षेत्रात केलेल्या अभ्यासात (२००८) जंगली डिस्कसच्या पोटात शैवाल, वनस्पतींचे अंश, कुजका सेंद्रिय गाळ व पाण्यातील लहान अपृष्ठवंशी जीव आढळले. बुडालेल्या फांद्यांच्या आसऱ्याने राहून हा मासा दिवसभर थोडेथोडे टिपून खातो. झडप घालून मोठा घास गिळणे त्याच्या स्वभावात नाही. घरातल्या टँकमध्येही म्हणूनच ‘थोडे आणि वारंवार’ हाच नियम लागू पडतो.

अन्नाचे प्रकार : पिलांच्या वाढीसाठी अन्नात सु. ४५–५०% प्रथिने असावी लागतात. बुडणारे बारीक दाणेदार खाद्य हा रोजच्या आहाराचा सोयीचा पाया ठरतो. त्याच्या जोडीला गोठवलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातील बारीक कवचधारी जीव) व ब्लडवर्म देतात. ब्लडवर्म म्हणजे डासासारख्या, पण न चावणाऱ्या कीटकाच्या लाल अळ्या. त्यांची काही जणांना ॲलर्जी होते. अशांनी त्या उघड्या हाताने हाताळू नयेत. गोठवलेली वडी आधी वितळवून, गाळून मगच टाकावी. मासे जिवंत ट्युबिफेक्स आवडीने खातात, पण हे किडे गटाराच्या गाळात वाढतात आणि त्यांच्याबरोबर रोगजंतू टँकमध्ये येण्याचा धोका असतो.

जगभरचे डिस्कसपालक गाईबैलाच्या हृदयाचा खिमा वापरत आले आहेत. चरबी व शिरा काढून हृदय वाटतात, त्यात कोळंबी, उकडलेला पालक, स्पिरुलिना व जीवनसत्त्वे मिसळतात आणि पातळ थर करून गोठवतात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी असल्याने म्हशीचे किंवा कोंबडीचे हृदय अथवा निव्वळ कोळंबी घेता येते. या खिम्याने पिले झपाट्याने वाढतात. मात्र सस्तन प्राण्यांची चरबी माशाला नीट पचत नाही व पाणीही लवकर नासते; त्यामुळे प्रौढ माशांचा तो रोजचा आहार असू नये. लाल-नारिंगी रंग खुलतो तो कोळंबीसारख्या कवचधारी जिवांतील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे.

पिलांचा आहार : अंड्यांतून बाहेर पडून पोहू लागलेली पिले आईबापांच्या अंगाला चिकटून त्यांच्या त्वचेवरील श्लेष्म खातात. संशोधक हिल्डमन यांनी १९५९ मध्ये या संगोपनाचे वर्णन प्रसिद्ध केले. अंडी घातल्यावर नर-मादी दोघांच्याही श्लेष्मातील प्रथिने वाढतात व त्यातून पिलांना प्रतिपिंडेही मिळतात, असे २०१० मधील संशोधनात दिसून आले. पोहू लागल्यावर चार-पाच दिवसांनी त्यांना नुकतेच उबवलेले आर्टेमिया देऊ लागतात. उबदार खाऱ्या पाण्यात आर्टेमियाची अंडी साधारण एका दिवसात फुटतात. दोन-तीन आठवड्यांत पिलांचे श्लेष्म खाणे सुटत जाते. वाढीच्या काळात उपासमार झालेले पिलू पुढे कितीही खाल्ले तरी खुरटेच राहते. शरीराच्या मानाने मोठे दिसणारे डोळे ही त्याची खूण.

वेळा व प्रमाण : लहान माशांना दिवसातून चार ते सहा वेळा, प्रौढांना दोन ते तीन वेळा खाद्य देतात. दहा-पंधरा मिनिटांत संपेल इतकेच टाकून उरलेले नळीने ओढून घ्यावे. डिस्कस सावकाश खातो. टँकमध्ये चपळ मासे असल्यास तो मागे पडतो. कळपात वरचढ मासा दुबळ्याला खाऊ देत नाही. यासाठी किमान पाच-सहा मासे एकत्र ठेवून खाद्य दोन-तीन ठिकाणी टाकतात.

अन्न व पाणी : डिस्कसला २८°–३०° से. तापमानाचे पाणी लागते. अशा पाण्यात माशाचा चयापचय वेगाने चालतो, उरलेले अन्न लवकर कुजते, अमोनिया वाढतो आणि विरघळलेला ऑक्सिजन मात्र कमी असतो. जितके खाद्य अधिक, तितके पाणी अधिक वेळा बदलावे लागते : पिलांच्या टँकमध्ये बहुधा रोज, प्रौढांच्या टँकमध्ये आठवड्यातून एक-दोनदा, तिसरा हिस्सा ते निम्मे. नव्या पाण्यातील क्लोरीन काढून त्याचे तापमान टँकइतके करून घ्यावे. तळाशी खडी न घालण्याची पद्धतही सफाईच्या सोयीसाठीच रूढ झाली आहे.

बिघाडाची लक्षणे : नवीन आणलेला मासा काही दिवस अन्नाला तोंड लावत नाही; तापमान स्थिर ठेवून, कमी प्रकाशात थोडे ब्लडवर्म देऊन पाहावे. अंग काळवंडणे, पोट आत जाणे, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा व खाणे सोडणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास आतड्यातील परजीवींची शंका घ्यावी. अशा वेळी खाद्य बदलत बसण्यापेक्षा पाणी तपासून जाणकाराच्या सल्ल्याने औषधोपचार करावा.

निरोगी प्रौढ डिस्कस चार-पाच दिवस उपाशी राहू शकतो. बाहेरगावी जाताना अनोळखी हाती खाद्याचा डबा सोपवण्यापेक्षा हा उपास अधिक सुरक्षित असतो; पिलांच्या बाबतीत मात्र ही सवलत घेता येत नाही.