लॉस एंजेलिस : एका जिल्ह्याची जन्मकथा

लॉस एंजेलिस म्हटले की आपणांस नगर आठवते. त्याच नावाची कौंटी, म्हणजे आपल्या परिभाषेत जिल्हा, ही मात्र निराळी वस्तू आहे. १७८१ साली स्पॅनिश अमदानीत ४४ वसाहतकऱ्यांनी तेथे गाव वसविले. पुढे मेक्सिकोचा अंमल आला, मग अमेरिकेचा. १८ फेब्रुवारी १८५० रोजी ही कौंटी अस्तित्वात आली. कॅलिफोर्नियास संघराज्यात प्रवेश मिळाला तो त्यानंतर, सप्टेंबरात. मुलूख अफाट, शिरगणतीतली माणसे जेमतेम साडेतीन हजार! १८५३ मध्ये सॅन बर्नार्डिनो आणि १८८९ मध्ये ऑरेंज हे भाग तिच्यातून फुटून निघाले.

आम्हांस नवल वाटते ते कारभाराचे. तेथे वरून नेमलेला कलेक्टर नाही. १८५२ पासून पाच लोकनियुक्त सदस्यांचे मंडळ कौंटी चालविते. शेरीफदेखील मतांनीच निवडला जातो. कौंटीत ८८ नगरे आहेत, पण सुमारे दहा लाख लोक कोणत्याच नगराच्या हद्दीत येत नाहीत. त्यांच्यापुरते हे मंडळच कलेक्टर आणि तेच नगरपालिका. १९५४ साली लेकवुड नगर स्थापन झाले, तेव्हा त्याने स्वतःचे पोलीसदळ न उभारता कौंटीकडून ती सेवा करारावर विकत घेतली. अनेक नगरांनी मग तोच कित्ता गिरविला.

२०२० मध्ये लोकसंख्या एक कोटीवर गेली, तरी सदस्य पाचच. ते नऊ करण्यास मतदारांनी २०२४ साली संमती दिली. त्यापूर्वी संख्यावाढीचे प्रस्ताव त्यांनी एकाहून अधिक वेळा फेटाळले होते.