दिवाणजी ते सनदी लेखापाल : हिशेबाच्या विश्वासाचा इतिहास

व्यापार हा आपल्या ज्ञातीतील अनेक घराण्यांचा पिढीजात व्यवसाय आहे. परंतु त्या व्यापाराचा हिशेब कोणाच्या हाती सोपवावा, या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या अंगाने आपल्याकडे फारसा झालेला नाही. ज्ञातिबांधवांच्या सेवेस तो थोडक्यात सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

महाराष्ट्रात हिशेबनिसाचे स्थान पूर्वापार मानाचे आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत मुजुमदार, म्हणजेच अमात्य, हा राज्याच्या जमाखर्चाचा प्रमुख होता. पुढे पेशवाईत ज्या नाना फडणविसांनी कारभाराची सूत्रे हाती घेतली, त्यांची फडणिशी हा मुळात हिशेबाच्या दफ्तराचाच हुद्दा होय. याहूनही बोधप्रद आहे ती गडांची व्यवस्था. सभासद बखरीप्रमाणे गडाचा कारभार हवालदार, सबनीस व सरनोबत या तिघांच्या विचाराने चाले. लिखापढी सबनिसाकडे आणि कोठारे कारखानिसाकडे असत. ज्याच्या हाती ऐवज, त्याच्याच हाती त्याची नोंद असू नये, हे तत्त्व आमच्या पूर्वजांस असे पूर्णपणे अवगत होते.

पेढीवर मात्र हे तत्त्व टिकले नाही. तेथे दिवाणजी हाच तिजोरी सांभाळी आणि रोजकीर्द व खतावणीही तोच लिही. पुष्कळ दिवाणजी अत्यंत सचोटीचे होते, आणि त्यांच्या निष्ठेवर कित्येक घराणी उभी राहिली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु हा विश्वास एका माणसावर होता, पद्धतीवर नव्हता. दिवाणजी थकले की पेढीची स्मृतीच थके. मोडी वाचणारे घरात कोणी उरले नाही, तेव्हा जुन्या चोपड्या नुसत्या माळ्यावर पडून राहिल्या.

पद्धतीवर विश्वास ठेवण्याची सोय कायद्याने हळूहळू केली. १९१३ च्या कंपनी कायद्याने कंपन्यांच्या लेखापरीक्षकास सरकारी प्रमाणपत्राची अट घातली. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय निघाले, आणि १९१८ मध्ये मुंबई सरकारने हिशेबशास्त्राची पदविका सुरू केली. स्वातंत्र्यानंतर १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापालांची राष्ट्रीय संस्था अस्तित्वात आली. १९८४ च्या वित्त अधिनियमाने ठराविक मर्यादेपलीकडे उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यांस कर-लेखापरीक्षण सक्तीचे झाले, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. लहान दुकानदारासही जाणकाराची गरज भासू लागली ती या क्रमाने.

व्यवस्थापन-सल्लागार हा त्यामानाने नवा पाहुणा, पण त्याचेही कूळ हिशेबाचेच. १९२६ मध्ये शिकागोत सल्लागारीची प्रख्यात पेढी काढणारे जेम्स मॅकिन्झी हे हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते. आपल्या देशात १९५३ मध्ये ए. के. राईस यांनी अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये केलेला प्रयोग गाजला. स्वयंचलित मागांवरील विस्कळीत कामगारांच्या लहान तुकड्या करताच उत्पादन वाढले व खराब कापड घटले. आणि ती कल्पना कामगारांनीच उचलून धरली होती. पेढीवरील माणसांचे न ऐकता उपाय सांगणारा सल्लागार कितपत उपयोगी पडेल, हे यावरून ओळखावे.

या इतिहासातून निवडीच्या काही कसोट्या आपोआप निघतात. सनदी लेखापालाचे नाव संस्थेच्या सदस्य-यादीत पाहता येते. त्याने दिलेल्या दाखल्यावर २०१९ पासून अठरा अंकी ओळख-क्रमांक असतो. तो कोणासही पडताळता येतो. नवा लेखापरीक्षक काम स्वीकारण्यापूर्वी आधीच्यास लेखी कळवितो. ते त्याच्यावर बंधनकारक आहे. काही ठराविक अपवाद वगळता नफ्याच्या वा निष्पत्तीच्या टक्केवारीवर फी घेण्याची त्यास मनाई आहे; म्हणून 'कर वाचवून देतो, त्यातला हिस्सा द्या' असे म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. 'सल्लागार' ही पदवी मात्र कोणीही लावू शकतो. तेथे पूर्वी केलेली कामे पाहावी, त्या मालकांना प्रत्यक्ष भेटावे, आणि काम, मुदत व मोबदला आधीच कागदावर घ्यावा. २०१३ च्या कंपनी कायद्याने कंपनीच्या लेखापरीक्षकास तिचेच हिशेब लिहिण्यास व तिला व्यवस्थापनसेवा देण्यास मनाई केली आहे. भागीदारीच्या पेढीस तो कायदा लागू नाही. तथापि गडावरील तेच जुने तत्त्व तेथेही पाळण्यास हरकत कसली?

शेवटी एक अप्रिय गोष्ट बोलणे प्राप्त आहे. आपल्याकडे पुष्कळदा 'आपल्यातला आहे' एवढ्याच कारणाने चोपड्या हवाली केल्या जातात. मग भिडेपोटी प्रश्न विचारला जात नाही, आणि चूक दिसली तरी सोयरीक आड येते. यात व्यापाराची हानी आहेच, पण ज्ञातीतील जे तरुण कष्टाने ही कठीण परीक्षा उत्तीर्ण होतात, त्यांचाही हा अवमान आहे. त्यांची निवड गुणांवर व्हावी, नात्यावर नव्हे, हाच त्यांचा खरा सन्मान. ज्ञातीने तरुणांस शिष्यवृत्ती द्यावी, पुस्तके द्यावी, उमेदवारीची संधी द्यावी. काम मात्र कसोटीस उतरल्यावरच द्यावे. असे झाले तर आपल्या पेढ्या पुढील पिढीच्या हाती निर्वेधपणे जातील, अशी आमची श्रद्धा आहे.