डोपामिनच्या वाटेतलं क जीवनसत्त्व

जिवंत मेंदूत डोपामिन किती, हे विजेच्या भाषेत विचारायची रीत पाऱ्याच्या थेंबापासून सुरू होते. 1922 साली प्रागमध्ये यारोस्लाव हेयरोव्स्की बारीक काचनळीतून पारा थेंबाथेंबानं द्रावणात सोडत होते आणि व्होल्टेज बदलत नेताना प्रवाह किती वाहतो ते टिपत होते. प्रत्येक पदार्थ आपापल्या व्होल्टेजला इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो, त्यामुळे आलेख पाहून पदार्थ ओळखता येतो आणि त्याचं प्रमाणही कळतं. थेंब गळला की पुढच्या थेंबाचा पृष्ठभाग कोरा करकरीत, ही यातली खुबी. या पोलॅरोग्राफीला 1959 चं नोबेल मिळालं.

पण व्होल्टेज धन बाजूला फार नेलं की पारा स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागतो, मग दुसऱ्यांचे काय मोजणार? अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या राल्फ ॲडम्स यांना म्हणून पाऱ्याऐवजी कार्बनचे थेंब पाडायचे होते. कार्बनची पूड तेलकट द्रवात कालवून पाहिली, पण थेंबांचा बेत साफ फसला. तेच मिश्रण घट्ट कालवून नळीच्या टोकात दाबलं, तर मात्र झकास इलेक्ट्रोड तयार झाला. पृष्ठभाग खराब झाला की कागदावर घासायचा आणि पुन्हा कामाला लावायचा. 1958 मध्ये ॲडम्सनी हा कार्बन-लगदा जाहीर केला.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन दाखवत होते की डोपामिन हे मेंदूतलं नुसतं कच्चं द्रव्य नाही, त्याला स्वतःचं काम आहे. डोपामिन सहज 2 इलेक्ट्रॉन सोडून क्विनोन बनतं, म्हणजे कार्बन इलेक्ट्रोडला अगदी सोयीचं. तोवर ते मोजायला मेंदूचा तुकडा काढून वाटावा लागे. ॲडम्सनी उलटं केलं, इलेक्ट्रोडच मेंदूत घातला. 1973 साली किसिंजर आणि हार्ट या सहकाऱ्यांसह त्यांनी उंदराच्या मेंदूतले आलेख प्रसिद्ध केले.

आलेखावर उंचवटा आला खरा, पण तो बराचसा क जीवनसत्त्वाचा निघाला! उंदीर ते शरीरातच बनवतो आणि मेंदूच्या पेशींबाहेरच्या द्रवात ते डोपामिनच्या हजारो पट असतं. शिवाय कार्बनवर ते जवळपास त्याच व्होल्टेजला इलेक्ट्रॉन सोडतं. आणखी खोडी म्हणजे तयार झालेल्या क्विनोनचं ते पुन्हा डोपामिन करतं, मग तोच रेणू परत मोजला जातो. माझ्या मते या तंत्राचा खरा इतिहास इथून सुरू होतो. पुढची कित्येक वर्षं मोजण्यापेक्षा वेगळं काढण्यातच गेली.

फ्रान्समध्ये लिऑनला फ्रान्स्वा गोनों आणि सहकाऱ्यांनी लगदा सोडून जेमतेम 8 मायक्रोमीटर जाडीचा कार्बन धागा घेतला. त्यावर विजेचा संस्कार केला की एकात मिसळलेले उंचवटे सुटे होत. 1984 मध्ये ॲडम्सच्या गटानं इलेक्ट्रोडवर नॅफिऑनचा थर चढवला. क्लोरीन-कॉस्टिकच्या कारखान्यांत पडदा म्हणून वापरलं जाणारं हे पॉलिमर ऋणभारित असतं. शरीरात डोपामिनवर धन भार आणि क जीवनसत्त्वावर ऋण. त्यामुळे एकाला आत वाट मिळते, दुसरं बाहेर ढकललं जातं.

तिसरा उपाय वेगाचा. लंडनमध्ये ज्युलियन मिलर आणि सहकाऱ्यांनी, पुढे अमेरिकेत ॲडम्सकडे काम केलेल्या मार्क वाइटमन यांनी तो रुळवला. व्होल्टेज उणे 0.4 पासून 1.3 पर्यंत नेऊन परत आणायचं, सेकंदाला 400 व्होल्टच्या वेगानं, आणि हे सेकंदात 10 वेळा. क जीवनसत्त्व इलेक्ट्रॉन सोडण्यात मंद, ते मागे पडतं. मात्र एवढ्या वेगात इलेक्ट्रोड भारित होण्याचाच प्रवाह अवाढव्य होतो. सुदैवानं तो काही सेकंद तरी स्थिर राहतो, म्हणून आधीचा आलेख नंतरच्यातून वजा करतात. 2003 मध्ये याच रीतीनं कोकेनसाठी कळ दाबणाऱ्या उंदरांत सेकंदाहून कमी वेळाचे डोपामिनचे झटके दिसले. 2011 मध्ये पार्किन्सनच्या एका रुग्णाच्या मेंदूत, शस्त्रक्रियेच्या वेळी तो गुंतवणुकीचा खेळ खेळत असताना, हेच मोजमाप झालं.

वजाबाकीची किंमत मात्र मोजावी लागते. तिच्यात मूळ पातळीही वजा होते आणि हातात उरते ती फक्त वाढ-घट. ‘माझं डोपामिन कमी आहे’ असं आजकाल कुणीही सहज म्हणतं. हा धागा मेंदूत घातला तरी या रीतीनं तेवढं सांगता येत नाही. त्यासाठी पेशींबाहेरच्या द्रवाचा नमुना बाहेर काढणारी मायक्रोडायलिसिस ही रीत आहे, पण त्याच्या एकेका नमुन्याला मिनिटं लागतात.