कल्चर रिपोर्टमधले ‘एस’ आणि ‘आर’ आले कुठून?

लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये अँटिबायोटिकपुढे ‘एस’ असेल तर ते लागू पडण्याची शक्यता जास्त, ‘आर’ असेल तर कमी. १९२८ मध्ये लंडनला फ्लेमिंग यांना बुरशीभोवतीचे जंतू विरघळलेले दिसले. पुढे जंतू पसरलेल्या बशीत औषधाच्या चकत्या ठेवून चाचणी होऊ लागली. पण प्रत्येक लॅबची पद्धत वेगळी, म्हणून निकालही वेगळे! १९६६ मध्ये सिअ‍ॅटलच्या बाउअर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी एकच पद्धत आखून दिली. चकतीभोवतीचे जंतूविरहित वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचे आणि तक्त्याशी ताडायचे. ती आजही वापरात आहे. मात्र औषधाने दबलेले जंतू बशीत वाढलेच नाहीत, तर चाचणी कशाची करणार? म्हणून शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधीच नमुना द्या.