मेद झिजविणारें पिवळें चूर्ण

लठ्ठपणाला रोग म्हणावें कीं देहाचा नुसता दोष म्हणावें, हा प्रश्न वरवर पाहतां शाब्दिक वाटतो. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एके काळीं या एका शब्दावर अनेकांची दृष्टि आणि कांहींचे प्राण अवलंबून होते. अन्न व औषधें यांविषयींचा पहिला व्यापक कायदा तेथें १९०६ सालीं झाला. रोग बरा करण्यासाठीं, सौम्य करण्यासाठीं किंवा टाळण्यासाठीं जें द्रव्य वापरलें जातें तें औषध, अशी त्यांत व्याख्या होती. लठ्ठपणाची गणना तेव्हां रोगांत होत नसे. म्हणून केवळ मेद उतरविण्याचें आश्वासन देऊन गोळ्या विकणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीनें औषध विकतच नव्हता.

या फटींतून ज्या अनेक वस्तु बाजारांत आल्या त्यांत ‘मार्मोला’ नांवाच्या गोळ्या प्रसिद्ध होत्या. त्यांतील मुख्य द्रव्य म्हणजे जनावरांच्या थायरॉइड ग्रंथीचें वाळविलेलें चूर्ण. त्यानें शरीरांतील ज्वलन वाढतें हें खरें. पण वैद्याच्या देखरेखीवांचून तें घेतल्यास हृदयावर ताण पडतो. व्यापारविषयक सरकारी आयोगानें या गोळ्यांच्या जाहिरातींना हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १९३१ सालीं न्यायालयानें निर्णय दिला, कीं प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांचें नुकसान सिद्ध झालेलें नसल्यामुळें आयोगाला येथें अधिकार पोंचत नाहीं. गिऱ्हाइकाच्या प्रकृतीचें काय, हा प्रश्न त्या कायद्यानें विचारलेलाच नव्हता.

दोन वर्षांनीं याहून प्रभावी द्रव्य पुढें आलें. डायनायट्रोफेनॉल हें त्याचें नांव, रंग पिवळा. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्फोटकांच्या मिश्रणासाठीं तें वापरीत असत. तेथील कामगारांना दरदरून घाम फुटे, ताप चढे, अंग वाळत जाई आणि कांहीं जण मृत्यूही पावले. युद्ध संपलें, पण शरीर वाळविण्याचा या द्रव्याचा गुण शास्त्रज्ञांच्या ध्यानांत राहिला. १९३३ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील मॉरिस टेन्टर, विंडसर कटिंग प्रभृतींनीं तें मोजक्या मात्रेंत लठ्ठ रोग्यांना देऊन पाहिलें. आठवड्याला दोन-तीन पौंड वजन उतरूं लागलें. टेन्टर यांनीं तें वैद्याच्या देखरेखीखालींच घ्यावें असें बजावलें होतें. परंतु वार्ता पसरली ती गुणाची, इशाऱ्याची नव्हे. वर्षभरांत संयुक्त संस्थानांत निदान एक लक्ष माणसांनीं तें घेतलें असावें, असा टेन्टर यांचाच अंदाज होता. वैद्याच्या चिठ्ठीवांचूनही तें निरनिराळ्या नांवांनीं मिळूं लागलें.

हें द्रव्य करतें तरी काय? चुलीवर भांडें असलें म्हणजे लांकडांच्या आंचेनें अन्न शिजतें. भांडें उतरून ठेविलें तर लांकडें जळतच राहतात, अन्न शिजत नाहीं, आणि तें शिजावें म्हणून आणखी लांकडें घालावीं तर केवळ घर तापतें. पेशींमध्यें हें द्रव्य असेंच भांडें उतरवितें. अन्नाच्या ज्वलनांतून जी शक्ति देहाच्या कामासाठीं सांठवली जावयाची, ती उष्णता होऊन वायां जाते. मेद झिजतो तो या नासाडीमुळें, आणि मनुष्य दगावतो तोही याच उष्णतेमुळें. गुण आणि विष हीं येथें दोन नाहींत. तीं एकाच क्रियेचीं दोन नांवें आहेत. उतारा म्हणावा असें औषध त्यावर नाहीं. शिवाय एकाला मानवलेली मात्रा दुसऱ्याला घातक ठरूं शकते.

१९३५ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या नेत्रवैद्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. वृद्धांना व्हावयाचा मोतीबिंदु तरुण व मध्यमवयीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत झपाट्यानें वाढत होता. या स्त्रियांनीं वजन उतरविण्यासाठीं हेंच चूर्ण घेतलेलें होतें. कांहींनीं तर तें बंद करूनही महिने लोटले होते. पुढें अशा रोग्यांची संख्या शंभरावर गेली. शस्त्रक्रियेनें अनेकांना पुन्हा पाहतां आलें, पण डोळ्यांतील भिंग गमावून. इकडे सरकारी खात्याचे हात बांधलेलेच होते. फार तर खोट्या लेबलावर खटला भरतां येई. आणि येथें लेबल खोटें नव्हतें, कारण वजन खरोखरच उतरत होतें!

१९३७ सालीं विषारी द्रावकांत कालविलेल्या एका सल्फा औषधानें शंभरांवर माणसें दगावलीं, तेव्हां कुठें लोकमत खवळलें. २५ जून १९३८ रोजीं नव्या कायद्यावर अध्यक्ष रूझवेल्ट यांची सही झाली. नवें औषध विकण्यापूर्वीं तें निर्धोक असल्याचें दाखविण्याचा भार त्यानें उत्पादकावर टाकला, आणि शरीराच्या रचनेवर परिणाम घडविणारें द्रव्यही औषधांत धरलें. डायनायट्रोफेनॉलचा उघड व्यापार संपला.

फट मात्र कायमची बुजली नाहीं. १९९४ सालच्या कायद्यानें ‘पूरक आहार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंना तेथें पूर्वपरवानगीची अट राहिली नाहीं. एफेड्रा ही वनस्पति त्या वाटेनें आली. महिन्याला जेमतेम दोन पौंड अधिक वजन उतरे. उलट हृदयविकार व पक्षाघाताच्या तक्रारी आल्या, आणि २००४ मध्यें तिच्यावर बंदी पडली. सिब्युट्रामीन हें औषध २०१० मध्यें अमेरिकेच्या बाजारांतून गेलें, २०११ मध्यें भारतांतही निषिद्ध झालें. तरीही ‘निव्वळ वनस्पतिजन्य’ म्हणविणाऱ्या गोळ्यांत तें लपवून घातलेलें पुनःपुन्हा सांपडलें आहे. जुनें पिवळें चूर्णही चोरवाटेनें विकलें जात राहिलें, आणि त्याचे बळी वाढल्यावर ब्रिटननें २०२३ सालीं त्याची गणना नियंत्रित विषांत केली.

या इतिहासाचें तात्पर्य असें, कीं ‘गुण येतो काय?’ हा गोळीविषयीं विचारावयाचा अर्धाच प्रश्न आहे. त्या स्त्रियांना गुण आला होता. तो कोणत्या वाटेनें येतो, आणि त्याची किंमत देहाचें कोणतें इंद्रिय भरतें, हा उरलेला अर्धा प्रश्न दुकानाच्या फळीवर पोंचण्यापूर्वींच विचारला गेला पाहिजे.